उंब्रज किती मैल

आकारामच्या सायकलच्या कॅरेजवर एक वाकळ चौघडी करून कायम बांधलेली असे. साळूबाई, म्हणजे त्याची बायको, जाऊन दोन वर्षं होत आली तरी ती वाकळ त्याने सोडली नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "असू दे की. तुमाला टोचतीया व्हय?" वाकळ साळूबाईच्या बसण्यासाठी होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

गाव पलूसकडून कराडला जाणाऱ्या वाटेवरचं. आकाराम पायदळात वीस वर्षं काढून पेन्शनीत आलेला, पण बंदुकीपेक्षा त्याचा हात सायकलच्या मुठीवर जास्त बसला. या तळावरचं टपाल त्या तळावर पोचवायचं, हेच त्याचं काम. घरी आल्यावर त्याने काळी, जाड नळ्यांची, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल घेतली आणि एसटीकडे पाठ फिरवली. त्याला एक गोष्ट फार सुखाची वाटे. फौजेत तो तासाला आठ मैल तोडायचा. इथे रस्त्याकडेच्या दगडांवरचे आकडे बघत गेलं तर तासाला बारा-तेरा मैल सहज व्हायचे. "पेन्शनीत माणसं वाळत्यात, माजे पाय सुधारले," असं तो पारावर छाती फुगवून सांगे. लोकही मान डोलवत. फौजी माणसाशी कोण वाद घालणार?

साळूबाईला एसटी लागायची. गाडीच्या धुराचा वास आला की ती पदर तोंडाला लावून खाली बसायची, आणि रेल्वेत तिचं डोकं उठायचं. म्हणून माहेरी, बाजाराला, जोतिबाला, कुठेही जायचं तर ती आकारामच्या मागे वाकळीवर. दोघं नवरा-बायको अशी डबलसीट निघाली की बायका दारात येऊन हसायच्या. साळूबाईही हसायची, पण उतरायची नाही.

त्यांना एकच लेक, मनुबाई. तिचं लग्न करायची वेळ आली तेव्हा साळूबाईने नवऱ्यापुढे एकच अट ठेवली. लेकीच्या घरी आईबापांनी मुक्काम करायचा नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. तेव्हा लेक अशा ठिकाणी द्यायची, की सकाळी उठून निघालं, तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि दिवेलागणीला आपल्या दारात आलं. आकारामने डबलसीट म्हणून फौजेतला, तासाला आठ मैलांचाच हिशेब धरला आणि फौजी हुकूम काढला, "पंचवीस मैल. डबलसीट त्येच्या फुडं जमायचं न्हाई."

पहिलं स्थळ साळूबाईचा भाऊ नाथाजी याने आणलं. उंब्रजचा मुलगा, बाळासो नाव, रानाला पाणी, माणसं गरीब स्वभावाची. मनूलाही मुलगा आवडला असावा, कारण त्याचा विषय निघाला की ती उगाच परसात जायची. आकारामने नाथाजीला एवढंच विचारलं, "अंतर किती?" नाथाजी दुसऱ्या दिवशी फाट्यावर जाऊन दगड बघून आला.

"चाळीस मैल हाय, दाजी."

"मग न्हाई जमायचं," आकाराम म्हणाला आणि उठला.

त्यानंतर पलूसचं स्थळ आलं. तिकडे तर न्याहारी करायला जाऊन यावं, इतकं जवळ. सुपारी फुटली, लग्न झालं, आणि वर्षाच्या आत जावयाला भिलाईच्या पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली. भिलाई कुठे आहे हे साळूबाईला सांगताना आकारामने हात नुसता पूर्वेकडे केला आणि तो हात बराच वेळ खाली आणला नाही.

पुढच्या पाच वर्षांत मायलेकी तीनदा भेटल्या. आपण जावं म्हटलं तर रेल्वे, आणि रेल्वेने जाऊन तरी काय, मुक्काम तर करायचा नाही. मग का स्टेशनावर झोपायचं? साळूबाई संध्याकाळी उंबऱ्यावर बसून विचारायची, "ह्या साली येईल न्हवं मनी?" आकाराम म्हणायचा, "येईल की." पंचाहत्तरच्या पावसाळ्यात तिला तापाने धरलं. भिलाईला तार गेली. मनू आली तेव्हा राखसुद्धा कृष्णेत गेली होती.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मनू बापाजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, उंब्रजला दिली असती, तर आईला येता-जाता आलं असतं."

आकारामला ते फार लागलं. लागलं म्हणूनच तो खेकसला. "चाळीस मैल डबलसीट? आन् त्याच दिशी माघारी? खुळी हायस का काय!"

मनूने काही बोलायला तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. दुसऱ्या दिवशी ती गेली, ती परत आली नाही. पत्रं यायची. शाळेतल्या पोराकडून आकाराम ती वाचून घ्यायचा. सगळी खुशाल असायची आणि सगळी चार ओळींत संपायची.

घर त्याला खायला उठू लागलं. चूल तो पेटवायचा, भाकरीही थापायचा, जाडजूड, कडा फाटलेली, पण खाताना समोर कोणी नसायचं. घरात आवाज म्हणून राहिला नाही. तो सायकल काढून उगाच लांब लांब जायचा. चढाला लागला की मागे मान वळवून म्हणायचा, "उतर गं जरा," आणि मग स्वतःच उतरून सायकल ढकलत न्यायचा. एक गोष्ट मात्र तो मनात घट्ट धरून होता. उंब्रज लांबच होतं. भिलाईचं कोणाला ठाऊक होतं? आपण साळूला दिलेला शब्द पाळला, पुढचं नशीब. तेवढा एक टेकू होता, आणि त्याच्यावर तो उभा होता.

सत्त्याहत्तरच्या सुगीनंतर त्याच्या डोक्यात भिलाईने घर केलं. सायकलने जायचं. नाथाजी म्हणाला, "दाजी, डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? रेल्वे का मेलीय?"

"रेल्वेत झोप लागती. अंतर कळत न्हाई. मला कळाय पायजे मी लेक किती लांब दिली ती."

परमुलखातल्या रस्त्यांवरच्या दगडांचा त्याला भरवसा नव्हता. अर्धे पडलेले, अर्ध्यांवर चुना फासून जाहिराती लिहिलेल्या. म्हणून त्याला सायकलला लावायचं मीटर पाहिजे होतं, आणि ते घ्यायला तो सांगलीला रायगोंडाच्या दुकानात गेला. रायगोंडा पाटील, जैन माणूस, गणपती पेठेच्या एका बोळात सायकलींचं सामान विकायचा. गिऱ्हाईक घाईत असलं की हा मुद्दाम सावकाश व्हायचा.

त्याने आधी काचेच्या कपाटातलं गोल तबकडीचं मीटर काढलं. वेग दाखवणारा लाल काटा, खाली आकडे, पुढच्या चाकापर्यंत जाणारी लांब केबल. "रुबाब बघा. लगनात नवऱ्यामुलाला देत्यात."

"ही दोरी तुटली तर?"

"नवी टाकायची."

"नागपूरच्या पलीकडं जंगलात कोन टाकनार? तुमी येनार?"

रायगोंडा हसला. मग त्याने फळीवर मागे हात घालून, कागदात गुंडाळलेली एक पितळी डबी काढली. आगपेटीच्या निम्मी. जुना विलायती माल, कोणी घेईना म्हणून पडलेला. ती पुढच्या चाकाच्या आसाला बसवायची. चाकाच्या एका तारेला एक खुंटी आवळायची. चाक एक फेरा फिरलं की खुंटी डबीच्या दातेरी चाकाला टिचकी मारणार, आणि आतले आकडे मुंगीच्या पावलाने पुढे सरकणार. ना काटा, ना केबल, ना काच. पाणी गेलं तर फुंकर मारावी, खुंटी वाकली तर दगडाने सरळ करावी.

"ह्यात एकच खोड हाय," रायगोंडा म्हणाला. "गप बसत न्हाई. फेऱ्याला टिक, फेऱ्याला टिक. लोकं कटाळून माघारी आणून देत्यात."

त्याने दुकानातल्या सायकलला डबी लावून चाक हाताने फिरवून दाखवलं. टिक, टिक, टिक. आकाराम वाकून ऐकत राहिला. चाक थांबलं तरी तो वाकलेलाच होता. रायगोंडाला वाटलं, म्हाताऱ्याच्या कमरेत उसण भरली.

"ह्येच द्या," आकाराम म्हणाला. "बोलतंय तेवढंच बरं."

डबी सायकलला बसवून देताना रायगोंडाने बजावलं, "चाक अठ्ठावीस इंचीच हाय, मीटरबी त्याच मापाचं, जोडी जमतीया. तरीबी लांबच्या वाटंला लागायच्या आदी एकदा तपासून घ्या. ज्येचं अंतर तुमाला पक्कं ठावं हाय, तिथवर जाऊन या."

पक्कं ठाऊक असलेलं अंतर आकारामला एकच होतं.

दोन दिवसांनी सूर्य उगवायला तो फाट्यावर उभा होता. दगडाशी सायकल टेकवून त्याने डबीतला आकडा मनात धरला. दगडावर 'उंब्रज ४०' असं काळ्या रंगात लिहिलं होतं. टांग मारली आणि निघाला. हवा गार होती. दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता, मधून गुऱ्हाळाचा गोड धूर यायचा. पुढच्या चाकातून टिक टिक चालली होती, आणि बऱ्याच दिवसांनी आकारामला आपण एकटे आहोत असं वाटलं नाही. कराड मागे पडलं. कृष्णा-कोयनेच्या पुलावरून वारा आला. हमरस्त्याला लागल्यावर ट्रक अंगावर यायचे, तो शिव्या द्यायचा आणि पुन्हा टिकटिकीत मन घालायचा.

उंब्रजला पोचला तेव्हा ऊन अजून कोवळं म्हणण्यासारखं होतं. डबीत बघितलं तर पंचवीसला दशांशभर कमी. आकारामने डबीला टिचकी मारली, चाक फिरवलं. टिक. चालत तर होती. "पंधरा मैल गिळलं भाड्यानं," तो पुटपुटला.

तो तिथूनच फिरला असता. पण पाय चौकशी करत करत बाळासोच्या घरापाशी गेले. का गेले हे त्यालाही सांगता आलं नसतं. समोर अंगण, अंगणात दोन पोरं, दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली. बाळासोची आई, अंबूबाई. तिने आकारामला कधी पाहिलं नव्हतं.

"पावनं, उनाचं का हुबं? सावलीला या की. कुठनं आलायसा?"

आकारामने गावाचं नाव न सांगता पलूसकडनं आलो म्हणून सांगितलं. तिने पाणी दिलं, मग गूळ दिला, मग नको नको म्हणताना भाकरी आणि शेंगांची चटणी दिली. तो जेवत असताना तिची नजर सायकलवर गेली.

"वाकळ बांधलीया. मालकीणबाई संगट आल्यात व्हय? कुठं बसल्यात त्या, त्यास्नीबी हाक मारा."

आकारामने भाकरीचा तुकडा चटणीला लावला. "माघारी हाय ती," तो म्हणाला. अंबूबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने दोन मुठी शेंगा बांधल्या, घरी न्या म्हणाली.

घरी आला तेव्हा शेजारणी नुकत्या कंदील पुसत होत्या. जाऊन-येऊन ऐंशी मैल, या वयात, आणि अजून पायात दम होता. पारावर त्याने हे चारचौघांना सांगितलं. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. नाथाजी म्हणाला, "दाजी, तुमी मानूस न्हाई, इंजेन हायसा." आकाराम खूश होऊन घरी आला, भाकरी न खाताच झोपला आणि सकाळी उठून रायगोंडाशी भांडायला सांगलीला गेला.

"आवं पाटील, तुमचं मीटर चोर हाय! चाळीस मैलांत पंधरा मैल खाल्लं!"

रायगोंडाने डबी काढली, उघडली, दाते मोजले, चाकाला दोरी लावून बघितली. मग चष्मा कपाळावर चढवला.

"चाळीस मैल कुनी सांगितलं?"

"दगडावर हाय की! सरकारी दगड हाय!"

"फौजी, दगडावर किलोमीटर असत्यात. मैलाचं दगड काढून नवं लावलं, त्येला लय वर्सं झाली. चाळीस किलोमीटर म्हंजे पंचवीस मैलच हुत्यात. मीटर विलायती हाय, ते खरं मैल मोजतंय."

"मग आमी मैल का म्हंतो?"

"म्हंतो आपलं. मीबी म्हंतो. जिभंला सवय."

आकाराम दुकानाच्या पायरीवर बसला. त्याला आधी आपले पाय आठवले, तासाला बारा-तेरा मैल तोडणारे. ते आठच तोडत होते, पूर्वीसारखेच. मग कोवळं ऊन आठवलं, अंबूबाईची भाकरी आठवली, पुसले जाणारे कंदील आठवले. सकाळी निघून, भाकरी खाऊन, दिवेलागणीला दारात. काल तो नेमकं तेच करून आला होता आणि त्याला कळलंही नव्हतं. पाच वर्षं साळूबाई उंबऱ्यावर बसून विचारत राहिली, आणि उंब्रजची वाट दारापासून पंचवीसच मैलांची होती. गेल्या दोन वर्षांत तो इतका एकटा कधी पडला नव्हता, कारण आतापर्यंत निदान तो स्वतःच्या बाजूने होता.

रायगोंडाला वाटलं, मीटरवरून वाईट वाटलं. "किलोमीटरचं पायजे असलं तर मागवून देतो. ह्ये माघारी घेतो."

"नगं," आकाराम म्हणाला. "ह्ये बरूबर हाय."

नाथाजीला तो काही बोलला नाही. नाथाजीने दगडावरचं वाचलं होतं आणि सगळं गाव म्हणतं तेच म्हटलं होतं. पण मनूला सांगायला पाहिजे होतं. तेराव्याला आपण तिच्यावर खेकसलो होतो. पोराला बसवून पत्रात लिहून घ्यावं अशी ही गोष्ट नव्हती. आता भिलाई किती लांब, हे मोजायची त्याला गरज उरली नाही. आता नुसतं पोचायचं होतं.

सोलापूरवरून वाट जवळची पडली असती. तो उंब्रजवरूनच गेला, साताऱ्यापुढचा घाट चढून, पुणं, औरंगाबाद, अमरावती. देवळांच्या ओट्यावर झोपला, सरदारजींच्या ढाब्यावर जेवला. वऱ्हाडात टायर फाटलं, मुठी निघाल्या, एकदा खुंटी वाकली ती त्याने खरंच दगडाने ठोकून सरळ केली. डबीचं काही बिघडलं नाही. दिवसभर ती बोलायची आणि तो आपण मनूला काय सांगणार ते घोकत जायचा. हे सांगू, असं सांगू, आधी हे विचारू. संध्याकाळी सायकल थांबली की शब्द सगळे विसरायचा. कुणी विचारलं, "बाबा, कुठं चालले?" तर म्हणायचा, "लेकीकडं." कुणी म्हणे, "एकटेच?" मग तो टांग मारून पुढे निघायचा.

भिलाईत कारखान्याच्या वसाहतीत, एकसारख्या घरांच्या ओळीत, त्याला मनूचं घर सापडलं. ती दारात कपडे वाळत घालत होती. बाप ओळखू यायला तिला वेळ लागला, इतका तो काळा पडला होता. मग ती ओला टॉवेल टाकून धावली, पाया पडली, रडली, भांडली, पुन्हा रडली. "सायकलवर? आबा, खुळं झालायसा?" तिने वाकून चाकाजवळची डबी बघितली. "ह्ये काय? मीटर? किती मैल झालं हो?"

डबीत सातशेच्या वरचा आकडा होता. आकारामने तिकडे पाहिलंही नाही. इतके दिवस घोकलेलं सगळं गेलं आणि एवढंच तोंडातून निघालं.

"उंब्रज पंचवीसच मैल हाय गं, मने."

मनू वाकलेली सरळ झाली. तिने हात पदराला पुसले.

"मला ठावं हुतं, आबा."

"कवापास्नं?"

"तवापास्नंच. शाळंत किलोमीटर शिकवलं हुतं की. मामा चाळीस मैल म्हनले तवाच मला कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"पोरीनं आपल्याच लगनात कसं बोलायचं? सुपारी फुटल्यावर आईला बोलले. एकदाच."

आकारामने सायकलची मूठ धरली. "साळूला ठावं हुतं?"

"व्हय."

"काय म्हनली ती?"

मनूने बापाकडे बघितलं नाही. ती कॅरेजवरच्या वाकळीवर हात फिरवत राहिली. उन्हापावसाने वाकळीचा रंग उडाला होता, टाके मात्र आईचेच होते.

"म्हनली, शबूद गेलाय, आता मोडता येत न्हाई. आन् त्यांच्याजवळ कवाच बोलू नगंस. त्येनी माझ्यासाठी पंचवीस मैल ठरिवलं हुतं. चुकलं म्हनून कळलं, तर जलमभर जिवाला लावून घेतील."

आकाराम तिथेच सायकलला टेकून उभा राहिला. साळूबाई उंबऱ्यावर बसायची, विचारायची, "ह्या साली येईल न्हवं मनी?" आणि तो म्हणायचा, "येईल की." पाच वर्षांत एकदाही तिने उंब्रजचं नाव काढलं नव्हतं. तो लहान मुलासारखा रडला. मनूने त्याला रडू दिलं.

मग ती आत गेली, चूल पेटवल्याचा वास आला, पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. "आबा, हातपाय धुवा," ती आतून म्हणाली. "भाकरी टाकते. खाऊन लगीच निघू नका म्हंजे झालं. घरान्याची रीत मला सांगायची न्हाई."

आकारामने डोळे पुसले. कॅरेजची दोरी सोडायला त्याला वेळ लागला, गाठ दोन वर्षांची होती. वाकळ त्याने झटकली, उलगडली आणि लेकीच्या पडवीत भिंतीच्या कडेने अंथरली.

"न्हाई जात," तो म्हणाला. "आज ऱ्हातो."